'लाइट' आणि हलके

मराठीत 'लाइट' हा शब्द दोन वाटांनी आला. नाम म्हणून तो विजेच्या तारेबरोबर खेड्यापाड्यांत पोहोचला आणि स्त्रीलिंगी होऊन 'लाइट गेली' या वाक्यात कायमचा वस्तीला राहिला. विशेषण म्हणून मात्र तो शहरातून, सुशिक्षितांच्या बोलण्यातून आला. 'लाइट सिनेमा', 'लाइट वाचन', 'जरा लाइट घे'. ज्यात गांभीर्य नाही, किंवा ज्याच्याकडे गांभीर्याने पाहण्याची गरज नाही, असे काहीही या विशेषणात बसते. नामाचा प्रवास निरुपद्रवी आहे. विशेषणाचा तसा नाही, आणि म्हणून त्याचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

इंग्रजीत हे विशेषण कलाप्रकारांना लागले ते सोयीसाठी. 'लाइट ऑपेरा' म्हणजे गंभीर संगीतिकेहून सुटसुटीत, बहुधा सुखान्त प्रकार. बीबीसीने १९४५ मध्ये 'लाइट प्रोग्राम' या नावाची स्वतंत्र वाहिनीच सुरू केली आणि ती १९६७ पर्यंत चालली. आकाशवाणीच्या वर्गवारीतही हीच परिभाषा रुजली : क्लासिकल, लाइट क्लासिकल, लाइट, फोक. गायकाची ध्वनिचाचणी यांपैकी एका कप्प्यात होई, आणि त्या कप्प्यातच त्याला श्रेणी मिळे.

मराठीत या कप्प्यांची जी नावे रूढ झाली ती लक्षपूर्वक पाहावीत. 'लाइट क्लासिकल'चे 'उपशास्त्रीय' झाले आणि 'लाइट म्युझिक'चे 'सुगम संगीत'. 'हलके संगीत' हा सरळ प्रतिशब्द हाताशी असूनही तो रुजला नाही. कारण उघड आहे. मन हलके होते, हात हलका असतो, तोवर हा शब्द सुखद आहे. पण 'हलके काम', 'हलक्या प्रतीचा माल', 'हलक्या जातीचा' या प्रयोगांत तो वजन सोडून प्रतिष्ठा मोजू लागतो. इंग्रजी 'लाइट'मध्ये थोडी उपेक्षा असेल. मराठी 'हलक्या'त उतरंड आहे. 'सुगम' या शब्दाने ही अडचण फार चतुराईने टाळली. त्याने गुण वस्तूवरून उचलून ऐकणाऱ्याच्या वाटेवर ठेवला.

या चतुराईचे फळही मिळाले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती छप्पन्न गीते वर्गवारीनुसार 'लाइट' या सदरातच मोडतील. पण त्यांना कोणी लाइट म्हटले नाही. त्याच काळात माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर (१९५२-६२) यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव केला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली. म्हणजे 'लाइट'मध्येही आत घेण्याजोगे लाइट आणि दाराबाहेर ठेवण्याजोगे लाइट असा भेद होताच.

दाराबाहेर कोण राहिले, हे पाहायला पुणे शहरातून फार लांब जावे लागत नाही. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघालेला रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो आणि चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गाला छेदतो. चौफुला हे संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाते. संगीतबारी म्हणजे पेटी-तबला-ढोलकीच्या साथीने सादर होणारी, मुख्यतः कोल्हाटी समाजातील स्त्रियांनी जपलेली लावणी. तिचे सर्वांत नाजूक रूप म्हणजे बैठकीची लावणी. एकाच ओळीवर थांबून, स्वर आणि मुद्रा बदलत, तिचे दहा अर्थ उलगडणे ही तिची रीत. ठुमरीची रीतही हीच. तरी ठुमरी 'उपशास्त्रीय' ठरली आणि लावणी 'लोकसंगीता'त गेली. तिची पेटी तर १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर निषिद्धच होती. बैठकीच्या लावणीची मानदंड मानली जाणारी गायिका, वाईच्या यमुनाबाई वाईकर, यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा तालुका ढोलकीफडाचा. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचे गाव. तिथले बी. के. मोमीन कवठेकर यांनी फडांसाठी गण, गवळणी, लावण्या आणि वग लिहिले. एका मुसलमान कवीने गणेशवंदना आणि कृष्णाची गवळण लिहावी, आणि गावोगावच्या जत्रांत ती म्हटली जावी, यात तमाशाला काही वावगे वाटले नाही. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१८ सालासाठी मिळाला. २०२१ मध्ये ते गेले.

तमाशाची रचना पाहिली तर 'लाइट' हे विशेषण तिथे किती अपुरे आहे ते कळते. गणात वंदन, गवळणीत शृंगार आणि थट्टा, बतावणीत निव्वळ विनोद, आणि मग वगात राजा, अन्याय, मरण. कलगी-तुऱ्याच्या भेदिक लावणीत तर पिंड-ब्रह्मांडाचे सवालजवाब. थट्टा ही इथे गांभीर्याची पूर्वतयारी असते. हसवून घेतलेला प्रेक्षकच पुढे रडतो. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, आणि पुढे संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली, तेव्हा तपासला गेला तो बतावणीतला द्वयर्थ. वगाचे गांभीर्य मोजण्याचे माप कोणाकडे नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे एक भेद करायला हवा. 'लाइट' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो : रचनेचा सुटसुटीतपणा, प्रसंगाचा मोकळेपणा आणि कर्त्याची सामाजिक जागा. पहिल्या दोन्ही वाङ्मयीन कोटी आहेत. तिसरी नाही, पण निर्णय बहुतेक वेळा तीच करते. इंग्रजी शब्द वापरल्याने 'हलका' म्हटल्याचा दोष लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. शिवी न देता उतरंड शाबूत राहते.

याची किंमत कागदोपत्री आहे. पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या संपादकांनी जमवून छापल्या, म्हणून रामजोशी आज अभ्यासक्रमात आहेत. विसाव्या शतकातले कितीतरी वग मात्र फडांच्या हस्तलिखित वह्यांत किंवा नटांच्या स्मरणात राहिले. वही भिजते, नट मरतो. जे 'लाइट' आहे ते जपून ठेवायचे नसते, असा या विशेषणाचा न उच्चारलेला उत्तरार्ध आहे. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना या वह्या इतर कोणाहूनही जवळच्या आहेत. त्या मिळवून, पाठभेद नोंदवून छापल्या, तर या विशेषणाला उत्तर देण्याची वेगळी गरज उरणार नाही.