पाचशे ओंडके

ब्रह्मपुत्रा नदी तिबेटात उगम पावते, हे वाक्य भूगोल शिकवताना आपण सहज सांगून जातो. तिबेटात तिला त्सांगपो म्हणतात, अरुणाचलात ती सियांग किंवा दिहांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा. नकाशावर एक निळी रेघ काढली की काम झाले. पण ही एकच नदी आहे हे कुणी आणि कसे ठरवले, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. या निळ्या रेघेचा काही भाग एका निरक्षर माणसाने आपल्या आयुष्यातील चार वर्षे देऊन शोधला. त्याचे नाव किंथुप. त्याची गोष्ट या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रश्न सोपा नव्हता. त्सांगपो तिबेटच्या पठारावरून शेकडो किलोमीटर पूर्वेकडे वाहत जाते आणि नामचा बरवा (उंची ७७८२ मीटर) व ग्याला पेरी (उंची ७२९४ मीटर) या दोन शिखरांच्या मधल्या घळीत शिरते. तेथून पुढे ती कुठे जाते, हे बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हते. जेम्स रेनेल या सर्वेक्षकाने अठराव्या शतकातच त्सांगपो म्हणजेच ब्रह्मपुत्रा असा तर्क केला होता. पण त्सांगपोचे पाणी ब्रह्मदेशातील इरावतीला मिळते, असे ठामपणे मांडणारेही होते. आसामात उतरणाऱ्या नद्याही एकाहून अधिक. लोहित, दिहांग, सुबनसिरी. यांतली त्सांगपो कोणती? १८७० च्या दशकाच्या अखेरीस सर्वेक्षण खात्याने या नद्यांच्या पात्रातून दर सेकंदाला किती पाणी वाहते ते मोजले. दिहांगचे पाणी सर्वांत जास्त भरले. म्हणजे संशय दिहांगवर होता, पण पुरावा नव्हता.

तिबेटची दारे त्या काळी परकीयांना बंद होती. म्हणून सर्वेक्षण खाते हिमालयातील स्थानिक माणसांना शिकवून यात्रेकरू किंवा व्यापारी म्हणून पलीकडे पाठवत असे. या माणसांना ‘पंडित’ म्हणत. त्यांतला पहिला प्रसिद्ध पंडित नैनसिंग रावत हा कुमाऊँतील शाळामास्तर होता. जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजत त्याने १८६६ साली ल्हासा गाठले होते. किंथुप मात्र पंडित नव्हता. तो सिक्कीमचा. नेमसिंग या पंडिताचा मदतनीस म्हणून तो त्सांगपोच्या काठाने ग्याला गावापर्यंत एकदा जाऊन आला होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

दार्जिलिंग भागात काम पाहणाऱ्या कॅप्टन हरमन या अधिकाऱ्याने १८८० साली एक युक्ती काढली. नदीकाठाने जितके खाली जाता येईल तितके जायचे. तेथे फूटभर लांबीचे ओंडके तोडून त्यांना भोके पाडायची, त्यांत पत्र्याच्या खुणेच्या नळ्या बसवायच्या आणि ठरलेल्या दिवसांत रोज ५० ओंडके नदीत सोडायचे. इकडे आसामात दिहांगच्या मुखाशी माणसे पहारा देतील. ओंडके तेथे दिसले तर प्रश्न सुटला. हा एक नीट आखलेला प्रयोग होता, हे शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल.

प्रयोगाची जबाबदारी एका लामावर होती. त्याला लिहिता येत होते. किंथुप त्याचा नोकर म्हणून निघाला. हा लामा कामाचा निघाला नाही. वाटेत एका गावी यजमानाच्या बायकोशी त्याचे सूत जुळले आणि चार महिने तेथेच मोडले. शेवटी २५ रुपये भरून किंथुपने त्याची सुटका केली. १८८१ च्या मे महिन्यात दोघे तोंगक्युक येथील किल्ल्यात पोचले. काही दिवसांनी लामा निघून गेला. तो परत येईना, तेव्हा किंथुपला कळले की लामाने त्याला किल्लेदाराला गुलाम म्हणून विकले आहे.

दहा महिने गुलामीत काढून १८८२ च्या मार्चमध्ये किंथुप पळाला. आता घरचा रस्ता धरला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण तो निघाला नदीच्या दिशेने. घळीच्या खालच्या अंगाला मारपुंग येथे एक मठ होता. किल्लेदाराची माणसे माग काढत तेथेही आली. किंथुपने मठाधिपतीचे पाय धरले. त्याने ५० रुपये मोजून किंथुपला विकत घेतले. म्हणजे सुटका झालीच नाही, फक्त मालक बदलला.

साडेचार महिने राबल्यावर त्याने तीर्थयात्रेसाठी रजा मागितली. त्या रजेत त्याने ५०० ओंडके तोडले आणि एका गुहेत लपवून ठेवले. पण ओंडके सोडून उपयोग काय? ठरलेली मुदत केव्हाच टळली होती. आसामात आता पहाऱ्याला कोण असणार? नवी तारीख कळवणे भाग होते. म्हणून तो मठात परतला, दोन महिने काम केले, पुन्हा यात्रेची रजा घेतली आणि थेट ल्हासा गाठले. तेथे सिक्कीमचा एक परिचित अधिकारी भेटला. त्याच्याकडून किंथुपने नेमसिंगला पत्र लिहून घेतले: तिबेटी वर्षाच्या दहाव्या महिन्यात, पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत, मी बिपुंग येथून रोज ५० ओंडके सोडीन, हरमनसाहेबांना कळवा. पत्र रवाना झाले आणि किंथुप पुन्हा मठातील गुलामीत परतला. आणखी नऊ महिन्यांनी त्याची निष्ठा पाहून मठाधिपतीने त्याला मोकळे केले. ठरल्या दिवशी तो बिपुंगला होता. पाचशेच्या पाचशे ओंडके त्याने नदीत सोडले.

ते पाहायला आसामात कुणीही नव्हते. पत्र वेळेवर योग्य हाती पडलेच नव्हते. हरमन प्रकृती ढासळल्याने हिंदुस्थान सोडून गेला होता आणि १८८३ सालीच वारला होता. ओंडके बहुधा ब्रह्मपुत्रेतून वाहत समुद्राकडे गेले असतील. स्वतः किंथुपही नदीच्या काठाने आसामच्या दिशेने बराच खाली उतरला, पण पुढच्या प्रदेशातून जाणे धोक्याचे असल्याने त्याला मागे फिरावे लागले. १८८४ च्या नोव्हेंबरात तो दार्जिलिंगला परतला, तेव्हा त्याची आई हे जग सोडून गेली होती.

किंथुपजवळ टिपणे नव्हती, मोजमापे नव्हती. होती ती फक्त आठवण. त्याने प्रवास तोंडी सांगितला, दुसऱ्याने तो लिहून घेतला, मग त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि खात्याच्या अहवालात ते १८८९ साली छापले गेले. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. लिहिता न येणारा माणूस इतकी गावे आणि अंतरे कशी लक्षात ठेवील, अशी शंका होती. त्यातले एक वाक्य मात्र सर्वांना आवडले: पेमाकोचुंग येथे त्सांगपो सुमारे १५० फूट उंचीवरून कोसळते. याला कारणही होते. नदी घळीत शिरते ती समुद्रसपाटीपासून जवळजवळ २९०० मीटरवर आणि आसामच्या मैदानात उतरते ती दीडशे मीटरच्या आसपास. एवढी उंची ती मध्ये कुठे टाकते? तेथे प्रचंड धबधबा असलाच पाहिजे, असे भूगोलज्ञांना वाटत होते.

१९१३ साली बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी त्या भागात पायी फिरले. त्सांगपो हीच दिहांग, हे त्यांच्या पाहणीने पक्के झाले. किंथुपने सांगितलेली गावे आणि वाटा आश्चर्यकारकरीत्या बरोबर निघाल्या. पण पेमाकोचुंगला धबधबा होता सुमारे ३० फुटांचा. बेलीने पुढे किंथुपला शोधून काढले. तो दार्जिलिंगमध्ये शिंप्याचे काम करत होता. धबधब्याबद्दल विचारल्यावर त्याने सांगितले की त्याने दोन धबधब्यांचे वर्णन केले होते. उंच धबधबा ग्याला येथील एका लहान ओढ्याचा, आणि त्सांगपोवरचा वेगळा, लहान. लिहिण्यात दोन्हींचा एकच झाला होता. तीस वर्षांनंतरही त्याची आठवण चोख होती. चूक कागदावर झाली होती.

बेलीने त्याला निवृत्तिवेतन मिळावे म्हणून खटपट केली. सरकारने एक हजार रुपये एकदाच दिले. त्यानंतर थोड्याच काळात किंथुप वारला.

या गोष्टीतून वर्गात दोन गोष्टी करून पाहता येतील. पावसाळ्यात एखाद्या लहानशा, सुरक्षित ओढ्यात एका गटाने खुणा केलेल्या काटक्या सोडाव्यात आणि दुसऱ्या गटाने खाली त्या मोजाव्यात. मग विचारावे: दुसरा गट तेथे नसताच, तर काटक्या पोचल्या नाहीत असे म्हणता आले असते का? पाहणारा नसणे आणि घटना न घडणे यांतला फरक मुले लगेच पकडतात. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. वहीत लिहिता न येणारे, पण पाहिलेले नेमके सांगू शकणारे एखादे मूल आपल्याही वर्गात असते. त्याच्या उत्तराला आपण किती गुण देतो, हे किंथुपची गोष्ट सांगण्याआधी आपणच एकदा तपासून पाहिलेले बरे.