पाठीवरचा स्क्रू

हॅसब्रो कंपनीचा १९६४ सालचा 'जी. आय. जो' जवळजवळ फूटभर उंच होता. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा झाला आणि खरी गंमत सुरू झाली. पाठीवरचा स्क्रू काढला की धड, डोके, हात, पाय सुटे. कंबर धरून ठेवायला आत रबराची कडी. मग एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर चढवायला कोणी शिकवावे लागले नाही.

याला खेळण्यांची नासाडी म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की कंपनीही तेच करीत होती. पहिल्या सैनिकांत पुष्कळ अवयव सामाईक होते. 'स्नेक आइज' तर रंगाचा खर्च वाचवायला नुसत्या काळ्या प्लॅस्टिकात ओतला, आणि तोच सर्वांत लाडका ठरला!

आपल्याकडे फनस्कूलने (हिचा एक कारखाना गोव्यात) हॅसब्रोचेच साचे वापरले, रंग मात्र पुष्कळदा निराळे दिले. अमेरिकेतले संग्राहक ते आज हौसेने शोधतात. आमच्या पिढीने त्यांवर एम-सीलच्या टोप्या घडवल्या, वर रंग चढवले. सांध्यावरचा रंग दोन दिवसांत खरवडून निघे. जाणकार आधी सांधा किंचित घासतात, मग पातळ हात देतात.

माळ्यावरच्या डब्यात कंबरेतून सुटलेला असा सैनिक सापडला तर टाकू नका. बहुधा रबर वाळून तुटलेले असते. त्याच मापाची नवी कडी बसते.