लीन

मराठी ख्रिस्ती भाषेत ‘नम्र’ या शब्दाच्या बरोबरीने ‘लीन’ हा शब्द रूढ असून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात येशूच्या मनाचे वर्णन याच शब्दाने येते. ‘नम्र’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वाकणे या धातूपासून आला, तर ‘लीन’ हा ‘ली’ म्हणजे बिलगणे, विरघळून एकरूप होणे या धातूपासून. लॅटिन ‘हुमिलितास’ ‘हुमुस’शी, म्हणजे भूमीशी, नाते सांगते, पण ‘लीन’ होण्यासाठी समोर दुसरे कोणी असावेच लागते, आणि ही अधिकची छटा फार मोलाची आहे. ती कृतीतही दिसते: नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे बिशपांच्या 1987 मध्ये स्थापन झालेल्या अधिकारक्षेत्रात, पवित्र गुरुवारी धर्मगुरू गुडघे टेकून भाविकांचे पाय धुतो आणि पुसतो; 2016 पासून रोमच्या संमतीने या विधीत स्त्रियांचाही समावेश करता येतो. रोजच्या मिस्सेत, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, मात्र लीनतेचा हा भाव अधिक साधेपणाने प्रकटतो: 1969 साली भारतीय चर्चला मिळालेल्या अनुमतीनुसार शांतीचे चिन्ह म्हणून शेजारच्या भाविकाकडे वळून, हात जोडून नमस्कार केला जातो, मग तो ओळखीचा असो वा नसो.