घाडगे, यशवंत
(१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर धारातीर्थी पडलेले मराठा पायदळातील नाईक आणि व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च युद्धशौर्यपदकाचे मरणोत्तर मानकरी. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगाव हे त्यांचे गाव. या टापूत भाताच्या एका पिकावर कुटुंबाचे वर्ष निघत नसे आणि घरातील कर्ता तरुण मुंबईच्या गिरणीत तरी जाई किंवा पलटणीत तरी भरती होई.

घाडगे यांची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतील तिसरी होती. १९२२ च्या फेररचनेपूर्वी ती ११०वी मराठा लाइट इन्फंट्री म्हणून ओळखली जाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजचा इराक) कूत येथे ती वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने अन्न संपल्यामुळे शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेली. त्या कैदेतून अनेक शिपाई परतलेच नाहीत. कोकणातील आणि देशावरील मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांचीही या रेजिमेंटमध्ये भरती होत असे.

दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातील केरेनच्या डोंगरी लढाईत (१९४१) तिसऱ्या पलटणीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्याकडे होते. पहिल्या महायुद्धात सीफर्थ हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटमधून लढलेल्या या अधिकाऱ्यास दोन्ही महायुद्धे मिळून डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) आणि मिलिटरी क्रॉस ही दोन्ही मानचिन्हे प्रत्येकी दोनदा लाभली. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत ते शत्रूच्या हाती सापडले, पुढे इटलीतील कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती झाले. घाडगे यांची पलटण याच डिव्हिजनमध्ये लढत होती.

४ जून १९४४ रोजी रोम पडल्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत असताना प्रत्येक टेकडी लढवीत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै रोजी घाडगे यांच्या कंपनीने एका बळकट ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक हा हवालदाराखालचा, दोन फितींचा हुद्दा. त्याच्या हाती सेक्शन, म्हणजे जेमतेम दहा जणांची तुकडी असते. अगदी जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात या तुकडीतील एकूण एक शिपाई ठार किंवा जखमी झाला आणि एकटे घाडगे उभे राहिले. आपल्यासोबत येण्यास कोणीही उरलेले नाही हे पुरते ठाऊक असूनही ते क्षणभरही न थबकता मशिनगनवर धावून गेले, असे पदकाच्या प्रशस्तिपत्रात नमूद आहे, आणि या पराक्रमाचे खरे मोल त्या जाणिवेत आहे. त्यांनी आधी हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, नंतर टॉमीगनने तिच्यावरील आणखी एकास टिपले. गोळ्यांचे मॅगझिन बदलण्यास उसंत नव्हती, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून तिच्या घावांनी उरलेल्या दोघांना त्यांनी ठार केले. एवढ्यात लपलेल्या नेमबाजांनी झाडलेल्या गोळ्या त्यांना लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांना वीरमरण आले. तेव्हा ते २२ वर्षांचे होते.

व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, तरी भारतीय शिपायांना त्यासाठी पात्र ठरण्यास १९११ साल उजाडावे लागले. डीएसओ आणि मिलिटरी क्रॉस ही मानचिन्हे अधिकाऱ्यांसाठी होती. भारतीय शिपायाच्या वाट्याला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल (आयडीएसएम) ही वेगळी पदके येत. अशा श्रेणीबद्ध व्यवस्थेत व्हिक्टोरिया क्रॉससाठी मात्र हुद्दा पाहिला जात नसे, त्यामुळे सेनापती रीड यांना दोन महायुद्धांत न लाभलेला सन्मान त्यांच्या डिव्हिजनमधील एका नाईकास मिळू शकला. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांचे होते, आणि त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले.

घाडगे यांची समाधी कोठेही नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. पेरूजा प्रांतातील मोंतोने या गावी २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले, तर माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. मराठा रेजिमेंटला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारे ते पहिले वीर होत. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनियो नदीवर पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव हे दुसरे मानकरी ठरले आणि ते युद्धातून जिवंत परतले.