लाँगिनसचा चेहरा

इंग्लंडमधील कोलचेस्टरला १९२८ साली लाँगिनस या रोमन घोडेस्वाराची समाधिशिला सापडली. वय ४०, चाकरी १५ वर्षे, मूळचा आजच्या सोफियाकडचा. शिलेवर तो घोड्यावर बसलेला; चेहरा मात्र उडालेला. इ. स. ६०-६१ मध्ये राणी बूडिकाच्या बंडखोरांनी हे शहर जाळले होते, तेव्हा चेहराही त्यांनीच फोडला, असे जाणकारांनी धरून चालले. मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच रंगवून सांगितले. १९९६ मध्ये त्याच जागी पुन्हा खणले, तर चेहरा मिळाला! घाव १९२८च्या मजुरांच्या कुदळीचा असावा. चेस्टरला मात्र रोमनांनीच आपल्या सैनिकांच्या अशा शिला तटाच्या डागडुजीत चिरे म्हणून बसवल्या. ते मी कधी शिकवलेच नव्हते.