गर्दीचे दोन निवाडे

फुटबॉल हा खेळ मुळात कोणाचा, असे विचारले तर त्याचे उत्तर कारखान्यांच्या इतिहासात शोधावे लागते. इंग्लंडमध्ये १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. त्यांच्यामागून हळूहळू पुरुषांचेही थांबले. त्या मोकळ्या दुपारच्या पोटी हा खेळ वाढला. मँचेस्टर युनायटेड हे आज अब्जावधींच्या उलाढालीचे नाव आहे. परंतु १८७८ साली तो संघ उभा केला तो न्यूटन हीथ येथे रेल्वेचे डबे व वाघिणी बांधणाऱ्या कामगारांनी. तेव्हा मैदानाभोवती जी गर्दी उभी असे ती नुसती बघ्यांची नव्हती. तो तिचा स्वतःचा संघ होता, आणि म्हणून निवाडा देण्याचा हक्कही ती आपलाच समजे.

या गर्दीने १९८९ या एकाच वर्षात दोन निवाडे दिले. एक एका मॅनेजरविषयी होता, दुसरा एका वृत्तपत्राविषयी. पहिला चुकला, दुसरा सत्तावीस वर्षांनी अक्षरशः खरा ठरला. असे का व्हावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम मॅनेजर म्हणजे काय ते पाहू. आरंभीच्या काळात संघ निवडीत ती संचालकांची समिती. हर्बर्ट चॅपमन या खाणकामगाराच्या मुलाने १९२१ पासून हडर्सफील्ड येथे आणि १९२५ पासून आर्सेनलमध्ये ही सत्ता मॅनेजरच्या हाती आणली. पण सत्तेबरोबर दोषही त्याच्या पदरी आला. आपल्या गिरण्यांत मालक आणि साचेवाला यांच्या मध्ये जॉबर उभा असे, तशीच ही जागा. संघ जिंकला की संचालक फोटोत पुढे. हरला की मॅनेजर दाराबाहेर. मालकाविरुद्धचा राग मालकापर्यंत पोहोचू नये अशी ती सोय आहे, हे ज्याने कामगारांत काम केले त्यास समजावून सांगावे लागत नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेडने अलेक्स फर्ग्युसन यास या जागेवर आणले. हा ग्लासगोमधील गोव्हन या जहाजबांधणीच्या वस्तीत जन्मलेला. बाप जहाजांच्या कारखान्यात कामाला. स्वतः फर्ग्युसन अवजारे घडविण्याचे काम शिकला होता आणि कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधीही होता. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला त्याने मोठे यश मिळवून दिले होते. मँचेस्टरात मात्र त्याच्या संघाचा क्रमांक पहिल्या वर्षी अकरावा, दुसऱ्या वर्षी दुसरा आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा अकरावा लागला. सप्टेंबर १९८९ मध्ये त्याच गावच्या सिटी संघाने युनायटेडचा ५–१ असा फडशा पाडला. डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एक फलक झळकला: तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता रामराम घ्या, अशा अर्थाचा. तिकिटाचे पैसे स्वतःच्या पगारातून देणाऱ्या माणसांचा तो राग होता. तो खोटा होता असे कोण म्हणेल?

वृत्तपत्रांनी या रागास खतपाणी घातले. ७ जानेवारी १९९० रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफ. ए. कपचा सामना होता. हा सामना गेला की फर्ग्युसनची नोकरी गेली, हे जणू ठरलेलेच आहे असे छापून आले. सामना मार्क रॉबिन्सच्या गोलने १–० असा जिंकला. नोकरी त्या दिवशी धोक्यात नव्हतीच, असे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी पुढे सांगितले. म्हणजे अंदाज बातमीचा पोशाख घालून हिंडत होता. लीगमध्ये त्या मोसमात संघ तेरावा आला. पण मे महिन्यात त्याने कप जिंकला. १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीगचे विजेतेपद आले, आणि २०१३ साली फर्ग्युसन निवृत्त झाला तेव्हा युनायटेडच्या खात्यावर त्याने मिळविलेली लीगची तेरा विजेतेपदे होती.

गर्दीला काय दिसत नव्हते? तिला गुणतक्ता दिसत होता. पाया दिसत नव्हता. शाळकरी पोरे हेरून त्यांना घडविण्याची व्यवस्था फर्ग्युसनने नव्याने उभी केली होती. रायन गिग्ज चौदा वर्षांचा होताच, १९८७ सालीच, क्लबात घेतला गेला होता. १९९२ मध्ये तरुणांचा एफ. ए. कप जिंकणाऱ्या संघात गिग्जसह बेकहॅम, बट व गॅरी नेव्हिल ही मुले होती. हे काम मैदानावर दिसण्यास पाच-सहा वर्षे लागतात. संप चाळिसाव्या दिवशी पोहोचला की द्वारसभेत पुढाऱ्यावर ओरड होते. वाटाघाटी कोठवर आल्या आहेत हे सभेला ठाऊक नसते आणि घरातला डबा रिकामा असतो. ओरडणाऱ्यांना मूर्ख म्हणणारा पुढारी नालायक होय. हिशेब जर लपवून ठेवला, तर अर्ध्या हिशेबावर निवाडा होणारच.

आता दुसरा निवाडा. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूस लिव्हरपूलच्या उभ्या जागेची दहा हजारांवर तिकिटे होती आणि त्या सर्वांना आत घेण्यास फिरती फाटके अवघी सात. बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली तेव्हा पोलिसांनी मोठा दरवाजा उघडला. पण समोरच्या बोगद्यातून माणसे ज्या कुंपणबंद कोंडवाड्यांत जात होती ते आधीच भरलेले होते. बोगदा कोणी बंद केला नाही. पुढे लोखंडी जाळी, मागून लोंढा. या घटनेतील मृतांचा आकडा आज सत्त्याण्णव आहे. शेवटचा मृत्यू तेव्हाच्या जखमांनी २०२१ साली झाला.

दरवाजा प्रेक्षकांनी फोडला, असे बंदोबस्ताच्या प्रमुख अधिकाऱ्याने त्याच दुपारी सांगितले. ते खोटे होते, हे त्याने २०१५ मध्ये चौकशीत कबूल केले. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ने ‘सत्य’ एवढाच मोठा मथळा देऊन छापले की, प्रेक्षकांनी प्रेतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, श्वास देणाऱ्या शिपायास मारले. आधार कोणाचा? पोलिसांकडून व एका खासदाराकडून वृत्तसंस्थेपर्यंत आलेल्या सांगोवांगीचा. संपादक होता केल्विन मॅकेन्झी.

येथे कामगार चळवळीतील माणसास दोन गोष्टी आठवल्यावाचून राहत नाहीत. हेच पोलीस दल १८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगारांवर घोडे घेऊन चालून गेले होते. पंचाण्णव कामगारांवर खटले भरले गेले. १९८५ मध्ये पोलिसांच्या साक्षी टिकेनात आणि खटले कोसळले. दुसरी गोष्ट छापखान्यातली. मे १९८४ मध्ये ‘सन’ने खाणकामगारांचे पुढारी आर्थर स्कारगिल यांस हिटलरसारखे दाखविणारे पहिले पान तयार केले, तेव्हा छापखान्यातील कामगारांनी ते छापण्यास नकार दिला आणि पत्र त्या चित्राविना निघाले. १९८६ मध्ये मालकांनी छपाई वॉपिंगला हलविली आणि पाच हजारांवर कामगार काढून टाकले. १९८९ साली ‘हे आम्ही छापणार नाही’ म्हणणारा तो हात तेथे उरला नव्हता. पत्राची विश्वासार्हता संपादकाच्या सद्बुद्धीवर जेवढी, तेवढीच आत कोणाला नकार देता येतो यावरही अवलंबून असते.

लिव्हरपूलच्या लोकांनी निवाडा दिला तो असा: ते पत्र घेणे बंद. विक्रेत्यांनी ते दुकानात ठेवले नाही. लोकांनी त्याच्या प्रती जाळल्या. हा बहिष्कार कोणा एका संघटनेच्या हुकमाने चालला नाही आणि आजही तो मोडलेला नाही. युनायटेडच्या गर्दीपाशी नव्हती अशी एक वस्तू या गर्दीपाशी होती. ती स्वतः तेथे होती. जाहिरातींच्या फळ्या उपटून त्यांवरून जखमींना वाहून नेणारे हात तिचे होते. तिला कोणाच्या बातमीची गरज नव्हती.

तरीही केवळ बहिष्काराने न्याय मिळाला नाही. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने ऑगस्ट १९८९ मध्येच मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाचा ठरविला. परंतु १९९१ च्या चौकशीत मृत्यू अपघाती ठरले. मृतांच्या नातेवाइकांनी, त्यांत कितीतरी आया, कागद मागणे सोडले नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र मंडळाने दाखविले की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला: हे मृत्यू बेकायदेशीर वधाचे आहेत, आणि प्रेक्षकांचा त्यांत काही दोष नाही. पत्राने २००४ व २०१२ मध्ये माफी मागितली. मृत्यूंबद्दल मात्र एकाही पोलीस अधिकाऱ्यास शिक्षा झाली नाही. मैदानाच्या क्लबच्या तत्कालीन सेक्रेटरीस फाटकांच्या अपुऱ्या व्यवस्थेबद्दल २०१९ साली ६,५०० पौंड दंड झाला, एवढेच.

लोकांनी निवाडा देऊ नये, जाणत्यांवर सोपवावे, असे सांगणारे प्रत्येक पिढीत असतात. फर्ग्युसनचा दाखला ते हमखास देतील. त्यांना हिल्सबरोचा दाखला द्यावा. तेथे जाणते म्हणविणारे सर्व, म्हणजे पोलीस, खासदार आणि संपादक, एका बाजूस होते व उभ्या जागेतली माणसे दुसऱ्या बाजूस. आणि खरे बोलत होती ती उभ्या जागेतली माणसे. प्रश्न लोक की जाणते हा नव्हे. साक्ष कोणाची आणि कागद कोणापाशी, हा आहे. म्हणून उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडाल तेव्हा मथळ्याखाली दोन गोष्टी शोधा: हे सांगणारा तेथे होता काय, आणि हे खोटे ठरले तर त्याचे काही जाणार आहे काय. जेथे आपण स्वतः उभे होतो, तेथली साक्ष कोणाच्याही मथळ्यासाठी सोडू नका. जेथे नव्हतो, तेथे ओरडण्यापूर्वी हिशेबाची वही मागा. आणि जो ती दाखवीत नाही त्याच्यावर अवश्य ओरडा.