गिरणीची सुट्टी आणि समुद्रकाठची खोली

आजच्या विषयात ‘जगभरातली सुट्टीची ठिकाणं’ हे शब्द पाहून काहींना वाटलं असेल की आम्ही स्वित्झर्लंड, बाली, मालदीव अशी यादी वाचून दाखवणार. ती यादी टूर कंपनीच्या पत्रकात मिळते, त्यासाठी व्याख्यानाला यायची गरज नाही. इतिहासाकडे पाहणाऱ्याला पडतो तो प्रश्न वेगळा आहे. एखादं गाव सुट्टीचं ठिकाण होतं, म्हणजे नेमकं काय होतं? समुद्र हजारो वर्षं तिथेच असतो. मग एका पिढीत तिथे लाखो माणसं का येऊ लागतात, आणि पुढच्या एखाद्या पिढीत का थांबतात?

याचं उत्तर शोधायला आम्ही एकच गाव घेतलं आहे, इंग्लंडमधलं ब्लॅकपूल. वायव्य किनाऱ्यावर, लँकेशायरमध्ये ते वसलेलं आहे. समुद्र थंड, वारा बोचरा, पाऊस केव्हाही. सौंदर्याच्या स्पर्धेत हे गाव पहिल्या फेरीतच बाद होईल. तरीही १८५१ साली जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे गाव १९०१ मध्ये सुमारे ४७ हजारांचं शहर झालं होतं. ते का, हे समजायला किनाऱ्यावरून थोडं आत, कापडगिरण्यांच्या गावांत जावं लागतं.

बोल्टन, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, बर्नली ही ती गावं. गिरण्या येण्याआधी इथल्या प्रत्येक गावाची आपली एक जत्रा असे. चर्चच्या संताच्या सणाची ही जत्रा, नाव ‘वेक’. या शब्दाचा मूळ अर्थच जागरण. आपल्याकडे देवाच्या जागरणाभोवती जत्रा भरते, तसाच हा प्रकार. पुढे गिरण्या आल्या, भोंगा आला, तरी जत्रेच्या दिवशी कामगार कामावर येईनात. मालकांनी दंड करून पाहिला, दम देऊन पाहिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी व्यवहार पाहिला. अर्धे कामगार गैरहजर असताना गिरणी चालवण्यापेक्षा ती पूर्ण बंद ठेवावी आणि तेवढ्यात बॉयलर साफ करून घ्यावेत. अशा रीतीने जत्रेचे दिवस वाढत वाढत आठवड्याची सुट्टी झाली. तिला ‘वेक्स वीक’ म्हणत.

आता इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, ही सुट्टी बिनपगारी होती. गिरणी बंद म्हणजे मजुरी बंद. म्हणून कामगार वर्षभर सुट्टीसाठी पैसे साठवत. त्यासाठी गिरणीत, गल्लीत मंडळं असत. दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि सुट्टीच्या तोंडावर एकरकमी उचलायचे. आपल्याकडच्या भिशीची आठवण यावी, असाच हा मामला. लँकेशायरला हे जमू शकलं, कारण तिथे मागावर बायकाही मोठ्या संख्येने होत्या. घरात दोन-तीन मजुऱ्या येत, म्हणून चार पैसे मागे पडत.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक गावाची जत्रा वेगळ्या आठवड्यात असे. एका आठवड्यात एका गावच्या गिरण्या बंद, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या. सगळा उन्हाळा हे चालू. १८४६ मध्ये ब्लॅकपूलला रेल्वे पोचलेली होतीच. त्यामुळे एका गावची गर्दी परतीच्या गाडीत बसली की दुसऱ्या गावची उतरायची. फलाट रिकामा नाही, खोली रिकामी नाही. हंगाम एका आठवड्यात उरकला असता, तर एवढं मोठं शहर उभंच राहिलं नसतं.

गावानेही ही संधी ओळखली. १८६३ मध्ये समुद्रात शिरणारा पहिला धक्का बांधला, तो होड्यांसाठी नव्हे, तर माणसांनी फिरावं म्हणून. १८७९ मध्ये रस्त्यावर विजेचे दिवे लागले. त्याच वर्षी नगरपालिकेने गावाच्या जाहिरातीसाठी कर बसवण्याचा अधिकार कायद्याने मिळवला. १८८५ मध्ये विजेची ट्राम धावली. १८८९ चा आयफेल टॉवर पाहून इथल्यांनाही हुरूप आला आणि १४ मे १८९४ रोजी ब्लॅकपूलचा ५१८ फूट उंच टॉवर उघडला. प्रवेश सहा पेन्स, म्हणजे भिशी उचललेल्या विणकराच्या आवाक्यातला.

पण टॉवरवर कोणी रात्र काढत नाही. राहायचं कुठे? इथे आजच्या गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र येतं, ते म्हणजे खोल्या भाड्याने देणारी घरमालकीण, ब्लॅकपूलची ‘लँडलेडी’. यातल्या पुष्कळ जणी स्वतः गिरणगावांतूनच आलेल्या होत्या. पाहुण्यांची बोली, त्यांची चव, त्यांचा खिसा हे सगळं त्यांना ठाऊक होतं. रीत अशी होती की पाहुण्याने भाडं द्यायचं फक्त खोलीचं. मांस, बटाटे, चहापत्ती त्याने आपलं आपण आणायचं आणि बाईने ते रांधून द्यायचं. सहा कुटुंबं असली तर सहा कुटुंबांचा शिधा वेगळा ठेवायचा, वेगळा शिजवायचा, आणि कोणाचा चहा कोणाच्या किटलीत जाऊ द्यायचा नाही. टेबलावरच्या मीठ-मिऱ्याचेही पैसे लावतात, म्हणून या बायकांवर विनोद झाले, त्यांची पोस्टकार्डं निघाली. इतिहासकार जॉन वॉल्टन यांनी १९७८ मध्ये या बायकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे विनोदामागचे कष्ट लोकांसमोर आले. जिना घासणं, चादरी धुणं, पहाटे चूल आणि रात्री भांडी, हे सगळं करून मिळकत उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांची. त्यात वर्षाचा हप्ता आणि कोळसा भागवायचा. गिरणी कामगाराचा सुट्टीचा आठवडा हा या बाईचा सर्वांत जास्त कामाचा आठवडा होता.

आता आम्ही तुम्हाला मुंबईत आणतो. हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. लँकेशायर आणि मुंबई एकाच कापसाच्या धाग्याने बांधलेली होती. १८६१ ते ६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरला कापूस मिळेना, तिथे उपासमार झाली. त्याच काळात कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला. पुढे मुंबईच्या गिरण्या वाढल्या. मग मँचेस्टरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या कामगाराची एकदम कणव आली आणि हिंदुस्थानातही फॅक्टरी कायदा हवा, अशी मागणी तिकडून होऊ लागली. कणव किती आणि धंद्याची चुरस किती, हे सांगायला नकोच.

पण मुंबईच्या कामगाराला सुट्टी मिळाली, ती कोणाच्या कणवेमुळे नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागणी काय, तर रविवारी विश्रांती आणि दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या, हे विसरू नका. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. ब्लॅकपूलमध्ये तेव्हा ट्राम धावत होती. आपल्याकडे लढाई आठवड्यातल्या एका दिवसासाठी चालू होती.

मग आपल्या गिरणी कामगाराचं ब्लॅकपूल कुठे होतं? ते नव्हतंच. त्याची रजा गावाकडे जायची. कोकणातला चाकरमानी बोटीने गावी जायचा, साताऱ्या-कोल्हापूरकडचा घाटावर. गणपती, शिमगा, लावणी, घर शाकारणं, बहिणीचं लग्न यांत ती संपायची. खरं सांगायचं तर ती दुसरी पाळीच होती. मुंबईत गिरणगावातल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया ब्लॅकपूलच्या लँडलेडीच्या सख्ख्या बहिणी शोभल्या असत्या. फरक एवढाच की यांचा हंगाम बारमाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं, तोवर त्यांची कामगार म्हणून कुठे फारशी नोंदही नव्हती.

भरपगारी सुट्टी ही कल्पना जगात खरी रुजली ती १९३० च्या दशकात. १९३६ च्या जूनमध्ये, देशभर संप झाल्यावर, फ्रान्समध्ये दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षाला किमान सहा कामाच्या दिवसांच्या भरपगारी रजेचा करार केला. ब्रिटनमध्ये १९३८ चा कायदा आला. त्याने सरसकट सक्ती केली नाही, पण वेतन ठरवणाऱ्या मंडळांना आठवडाभराची भरपगारी रजा देण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळाली.

ब्रिटनमध्ये युद्ध संपताच या रजेचा परिणाम दिसला आणि ब्लॅकपूल माणसांनी ओसंडून गेलं. पण तेवढ्यात १९५० मध्ये व्लादिमिर राइट्झ यांनी भाड्याच्या विमानाने लंडनहून प्रवासी कॉर्सिका बेटावर नेले. विमान, राहणं, जेवण सगळं एकाच पैशात आणि राहायला तंबू. आजच्या पॅकेज टूरची ही एक सुरुवात. पुढे स्पेनमधलं बेनिडॉर्म हे मासेमारीचं गाव उंच हॉटेलांनी भरलं, आणि बोल्टनचा माणूस हमखास उन्हाच्या शोधात तिकडे उडाला. त्याच दशकांत लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि वेक्स वीकची पद्धत मोडली. गर्दी पाठवणारी व्यवस्थाच राहिली नाही. पर्यटक आजही ब्लॅकपूलला जातात, टॉवर उभा आहे, दिव्यांची रोषणाई होते. पण समुद्रकाठच्या कित्येक जुन्या घरांत आता स्वस्त एकेरी खोल्यांचे गरीब भाडेकरू राहतात. २०१९ च्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ ब्लॅकपूलच्या निघाल्या.

याचा आपल्याशी काय संबंध? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. चाकरमान्याच्या ज्या घरात पूर्वी गणपतीला माणसं मावत नसत, त्याला आज ‘होमस्टे’ची पाटी आहे. आत सोलकढी आणि घावणे करणारी काकू आहे, आणि तिचा हंगामही मे महिना, दिवाळी, वर्षअखेर असा मोजकाच आहे.

ब्लॅकपूलने हंगाम ताणण्यासाठी १९१२ पासून शरदातली रोषणाई सुरू केली, ती फार काळ कामी आली. पण सगळा भार एकाच वर्गाच्या, एकाच प्रदेशाच्या सुट्टीवर होता. ती सुट्टी हलली तेव्हा घरमालकिणीच्या हातात काही राहिलं नाही. किनाऱ्यावर खोल्या बांधताना ही गोष्ट आपल्यासमोर असावी, एवढंच आमचं म्हणणं.

आणि एक छोटं काम तुमच्याकडे देतो. पुढच्या वेळी तारकर्लीला, हरिहरेश्वरला कुणाच्या घरी उतराल, तेव्हा स्वयंपाकघरातल्या काकूंना विचारा, “काकू, तुम्ही सुट्टीला कधी जाता?” काय उत्तर मिळालं, ते पुढच्या वेळी आम्हाला जरूर सांगा. आम्ही इथे थांबतो.